प्रथिने मोजणारा निळा रंग

क्युव्हेटमध्ये, म्हणजे प्रकाश मोजायच्या छोट्या पारदर्शक नळीत, तपकिरी ब्रॅडफर्ड रसायन घेऊन त्यात नमुन्याचे 20 मायक्रोलिटर सोडले आणि ती एकदा उलटीपालटी केली, की प्रथिन असल्यास मिश्रण डोळ्यांदेखत निळे होते. इतक्या थोड्या नमुन्यात, इतक्या झटपट मोजणी होणे ही फार जुनी गोष्ट नाही.

1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी बिअरच्या धान्यातले प्रथिन मोजायला वेगळीच वाट धरली. नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजायचा आणि येणाऱ्या नायट्रोजनच्या आकड्याला 6.25 ने गुणायचे, कारण प्रथिनात सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. पण तो नायट्रोजन आला कुठून, हे या पद्धतीला कळत नाही. 2008 मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेले रसायन मिसळून नेमका याचाच फायदा घेतला गेला. तान्ही मुले त्यात दगावली.

ऊतीचा कणभर तुकडा हाती असलेल्याला ही पद्धत पुरत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे ऑलिव्हर लावरी अशाच अत्यल्प नमुन्यांवर काम करत. अल्कधर्मी द्रावणात तांबे प्रथिनातली अमिनो आम्ले जोडणाऱ्या पेप्टाइड बंधांना धरते, या जुन्या बाययुरेट क्रियेला त्यांनी निळा रंग देणाऱ्या फोलिन अभिकर्मकाची जोड दिली आणि मायक्रोग्रॅममधली प्रथिने मोजता येऊ लागली. 1951 च्या त्या शोधनिबंधाचे उल्लेख 3 लाखांवर गेले आहेत. विज्ञानात एवढा उल्लेख दुसऱ्या कुठल्याच निबंधाचा झालेला नाही. मोजमापाच्या एका साध्या पद्धतीला हा मान मिळावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो. आपल्याकडे एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत 'लावरी' अजून शिकवतात.

1976 मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी कुमासी ब्ल्यू हा रंग वापरला. मूळचा लोकर रंगवायचा. नाव घानातल्या कुमासी शहराचे. प्रथिनाला, विशेषतः त्यातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला चिकटला की त्याचे प्रकाशशोषण 465 वरून 595 नॅनोमीटरवर सरकते. पाच मिनिटांत काम होते. मात्र स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे तुलनेचा आलेख, बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचा काढला, तर प्रतिपिंडाचा आकडा जवळजवळ निम्माच दिसतो, कारण तेवढ्याच वजनाच्या प्रतिपिंडाला रंग कमी चढतो. शिवाय डिटर्जंट असले की घोटाळा होतो. ती अडचण 1985 च्या बीसीए (बायसिंकोनिनिक आम्ल) पद्धतीने बरीच दूर केली.

आता तर एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब दोन टोकांमध्ये पृष्ठताणावर धरून 280 नॅनोमीटरवरचे त्याचे प्रकाशशोषण यंत्राने थेट वाचतात. रंगही लागत नाही. हे यंत्र प्रामुख्याने ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्ले पाहते. जिलेटिनमध्ये ती जवळपास नसतातच, म्हणून जिलेटिनचा थेंब त्याला रिकामाच वाटतो.