‘कायम नाही, तर बाळंतपणाची रजा नाही’: खुलासा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यांपासून इचलकरंजीच्या गारमेंट युनिटपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

1961 चा मातृत्व लाभ कायदा ‘कायम कामगार’ असा शब्दच वापरत नव्हता. पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अट तीच राहिली: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम. रोजंदारी असो की ठेकेदाराची हजेरी. पगारी सुट्टीचे दिवसही या 80 मध्ये धरतात. हे मात्र मुकादम कधी सांगत नाही! कारखान्याला कायदा लागूच आहे; दुकानाला 10 किंवा जास्त माणसं असल्यास.

पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, त्यातले प्रसूतीपूर्व जास्तीत जास्त 8. दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नाव असेल तर पैसे मालक नव्हे, ईएसआय देतं; तिथं या 80 दिवसांऐवजी किती दिवसांची वर्गणी भरली याचा हिशोब चालतो.

घोटाळा होतो तो राजीनाम्यात. ‘आता सोड, नंतर परत घेऊ’ म्हणत कोऱ्या कागदावर सही घेतात, आणि कामावरून काढल्याचा पुरावाच उरत नाही. सही करू नका. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. हजेरीकार्डाचे फोटो, पगार जमा झालेलं पासबुक जपून ठेवा. रजेच्या काळात काढलं तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत दाद मागायची असते. चौकशीला कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.