काठीखाली डोकं: उघड्या गाडीतल्या रोलबारची पार्श्वभूमी

कापडी टपाची गाडी ट्रॅक-डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) घेऊन जायची तर आत रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान) हवा, हे अमेरिकेतल्या बहुतेक आयोजकांनी आता गृहीतच धरलं आहे. त्यावर फारसं कुणी भांडत नाही. भांडण होतं ते कोणता बार चालेल आणि तो किती उंच हवा यावर. शर्यतींच्या जुन्या इतिहासात या भांडणाची मुळं शोधली तर थोडीच सापडतील. ती जास्त सापडतात १९८९ साली आलेल्या एका छोट्या जपानी गाडीत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. फॉर्म्युला वनमध्ये रोलबार सक्तीचा झाला १९६१ च्या दीड लिटरच्या नियमांसोबत. मात्र त्या काळच्या बऱ्याच गाड्यांमध्ये चालकाचं डोकं बारच्या वरच असायचं, म्हणजे कागदावर नियम पाळला आणि प्रत्यक्षात उपयोग शून्य. रस्त्यावरच्या गाड्यांत पोर्शेने १९६५ साली फ्रँकफर्टला ९११ टार्गा दाखवली. सीटमागची तिची रुंद, चकचकीत कमान शोभेसाठी नव्हती. उघड्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येईल अशी तेव्हा धास्ती होती, त्यावरचा तो उतारा होता. बंदी काही आली नाही. १ सप्टेंबर १९७३ पासून तिथे टपाच्या मजबुतीचा नियम लागू झाला: गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार टपाने सोसावा, प्रवासी गाड्यांसाठी कमाल ५,००० पौंडांपर्यंत. कन्व्हर्टिबल गाड्यांना मात्र त्यातून सूट मिळाली. ही सूट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं. कापडी टपाची गाडी उलटल्यावर काय व्हावं, याचं उत्तर कायद्याने कंपनीकडे मागितलंच नाही.

१९८९ साली मर्सिडीजच्या नव्या एसएलमध्ये गाडी कलंडताच सुमारे ०.३ सेकंदात आपोआप उभा राहणारा बार आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझ्दाने एमएक्स-५ दाखवली. अमेरिकेत तिचं नाव मियाटा. साडेनऊशे किलोच्या आसपास वजन, मागच्या चाकांना ताकद, किंमत आटोक्यात, आणि सीटमागे काहीही नाही. पहिल्या दोन पिढ्यांत (१९८९ ते १९९७ आणि १९९८ ते २००५) कारखान्यातून कसलीच कमान येत नव्हती. ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणाऱ्यांनी नेमकी हीच गाडी उचलली आणि रोलबार बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांचा धंदा तिच्यावर उभा राहिला.

या बारचं रूप मात्र टपाने ठरवलं. गाडी रोज ऑफिसलाही न्यायची, म्हणून टप मिटला पाहिजे, उघडला पाहिजे, आतून पाणी गळता कामा नये. मिटणाऱ्या टपाचा सांगाडा आणि सीटची पाठ यांच्यामध्ये उरते ती अरुंद फट. मुख्य कमान त्या फटीत बसवायची आणि मागचे दोन आधार टपाची घडी बसते त्या जागेतून खाली चाकांच्या कमानींकडे न्यायचे. उंचीला मर्यादा टपाच्या पहिल्या आडव्या पट्टीची. त्यामुळे टप मिटवून मिळू शकणारी जास्तीत जास्त उंची हेच बारचं माप झालं. चालकाची उंची त्या हिशेबात नव्हती. पाच फूट सात इंचाच्या माणसाला ते पुरायचं. सहा फुटी माणूस हेल्मेट घालून बसला की बारच्या वर डोकावायचा.

इथे आयोजकांची पंचाईत झाली. दारात रांगेने गाड्या उभ्या, प्रत्येकीला दोन मिनिटं, हातात मोजपट्टी. मग रूढ झाली ती ब्रूमस्टिक टेस्ट. चालक नेहमीसारखा बसतो, पट्टा आवळलेला, हेल्मेट डोक्यावर. बारच्या माथ्यावरून पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरायची. हेल्मेट काठीला टेकलं तर गाडी परत. काही आयोजक नुसतं 'टेकू नये' म्हणतात, काही काठीखाली दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, मोकळी जागा मागतात. शर्यतीच्या नियमांत मात्र अनेक ठिकाणी वेगळंच माप आहे: बारचा माथा हेल्मेटपेक्षा दोन इंच वर. ही दोन मापं एक नाहीत. काठी पुढे उतरती असते, त्यामुळे डोकं बारपासून जितकं पुढे तितकी काठी त्याच्या जवळ येते. बार हेल्मेटपेक्षा दोन इंच वर असूनही सीट पुढे ओढून बसणारा चालक काठीला लागू शकतो. दोन आयोजकांकडे एकाच गाडीचे दोन निकाल लागतात ते यामुळे.

खरा वाद काठीच्या पुढच्या टोकाचा आहे. एका टोकाला पोलादी कमान, दुसऱ्या टोकाला काचेची चौकट. गाडी उलटली की ती दोन बिंदूंवर टेकेल आणि त्या रेषेखालचं डोकं वाचेल, हे कसोटीचं गृहीतक. पण पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मधल्या काचेच्या बाजूच्या खांबांना रोलबारचं काम दिलेलंच नव्हतं. सपाट डांबरावर एकदाच कलंडली तर चौकट कदाचित तग धरेल. वेगात, कडेच्या मऊ मातीत चाक रुतून कोलांटी झाली तर ती आत दबते, आणि दबली की काठीची रेषा तिच्यासोबत खाली जाते. म्हणून एक गट म्हणतो की काठीचं पुढचं टोक काचेच्या खाली, बॉनेट संपतं तिथे धरा. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण तसं धरलं तर टप मिटणारा एकही बार पास होणार नाही, आणि रोजच्या वापराच्या उघड्या गाड्या ट्रॅकवरून हद्दपार होतील. दुसऱ्या गटाचं म्हणणं, पास-नापासची ढोबळ कसोटीही काही नसण्यापेक्षा बरी. व्यवहारात हाच गट जिंकला. तो जिंकायला नको होता असं नाही, पण काठीखाली बसलेल्या माणसाला आपण सुरक्षित ठरलो असं वाटू लागतं, आणि कसोटी तेवढं सांगतच नाही. ती भूमिती तपासते, ताकद नाही. पातळ नळीची, नुसती शोभेची कमानही उंच असली की काठी तिच्यावर झकास टेकते. चांगले तपासनीस म्हणून काठी खाली ठेवून आधी मागचे आधार आणि डायगोनल (कमानीतली तिरकी नळी) बघतात.

कसोटीला चकवायचे प्रकारही तिच्याबरोबरच आले. तपासणीपुरतं सीटमध्ये घसरून बसणं हा सगळ्यात जुना. त्याला इलाज म्हणजे पट्टा आवळून पाठ टेकवायला लावणं. प्रामाणिक मार्ग सीट खाली आणण्याचा. मूळ सीटच्या बैठकीतला फोम कापून २५ ते ५० मिलिमीटर मिळतात. फोम कापताना मधला थर नुसता पातळ करत नेला तर मांड्यांखालचा उंचवटा जातो आणि जोरात ब्रेक मारला की शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं. म्हणून बैठकीचा मागचा भाग जास्त आणि पुढचा अगदी थोडा काढतात. त्यापुढचा उपाय म्हणजे सरकपट्ट्या काढून बकेट सीट (शरीर बाजूंनी धरून ठेवणारी शर्यतीची सीट) थेट फ्लोअरवर बसवणं.

कारखान्यातून कमानी असलेल्या गाड्यांनी गोंधळ वाढवला. १९९६ ची पोर्शे बॉक्स्टर, १९९९ ची होंडा एस२०००, २००५ नंतरच्या एमएक्स-५: सगळ्यांत सीटमागे काहीतरी उभं आहे. काही आयोजक ते रोलबार मानतात, काही फक्त ठरावीक मॉडेलं मानतात, काही काहीच मानत नाहीत. प्लास्टिकच्या आवरणाखाली काय आहे हे दारात उभ्या माणसाला दिसत नाही, तेव्हा यादी करणं एवढंच त्याच्या हातात असतं.

पोलादाचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटला. आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीसाठी ४५ × २.५ किंवा ५० × २ मिलिमीटरची थंड ओढलेली, सांधा नसलेली साध्या कार्बन पोलादाची नळी लागते, तिची ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. अमेरिकी बारमध्ये पावणेदोन इंच व्यास आणि ०.१२० इंच जाडी जास्त दिसते, मीटरला तीन किलोच्या वर. नळी वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वळणाच्या आत सुरकुत्या किंवा चपटेपणा दिसला तर तो बार घेऊ नये, गाडी उलटली की तो तिथेच मोडेल. मागचे आधार सरळ हवेत आणि उभ्या रेषेपासून किमान ३० अंश कललेले. डायगोनल एकच असेल तर त्याचं वरचं टोक चालकाच्या बाजूला ठेवतात.

नट-बोल्टने बसवायचा बार फसतो तो नळीत नाही, पायाशी. मोनोकॉक (वेगळा सांगाडा नसलेल्या) गाडीचा फ्लोअर म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा. नुसत्या वॉशरवर आवळलेला बोल्ट उलटताना त्यातून आरपार येतो. म्हणून पत्र्याच्या खाली प्रत्येक पायाला निदान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, आणि किमान तीन एम८ (८ मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट, ८.८ या ताकदीच्या ग्रेडचे. पाया ठेवायच्या जागी गालिचा आणि डांबरी आवाजरोधक थर खरवडून पत्रा उघडा करावा लागतो. हा कंटाळवाणा भाग टाळला तर मऊ थर हळूहळू दबतो, बोल्ट सैल पडतात आणि खड्ड्यांतून खटखट ऐकू यायला लागते. पहिल्या ट्रॅक-डेनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे ते यासाठीच. एम८ ला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतात.

एमएक्स-५ मध्ये ड्रिल चालवताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन पिढ्यांत पेट्रोलची टाकी सीटमागच्या पत्र्याखालीच आहे, आणि त्याच भागात इंधनाच्या नळ्या आहेत. प्रत्येक भोक पाडण्यापूर्वी खालून बघायचं, ड्रिलला थांबा लावायचा, जागा कमी असेल तर टाकी उतरवायची. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग मोठं. कडा घासून प्रायमर आणि रंग, शेवटी सीलंट. रंगाशिवाय सोडलेलं भोक पावसाळ्या-दोन पावसाळ्यांत गंजाचा डाग होतं. बोल्ट मात्र सगळे बसवून होईपर्यंत बोटानेच फिरवून ठेवावेत. एक पाय आधी आवळला की दुसऱ्याची भोकं जुळत नाहीत आणि माणसं पहारीने बार ओढायला लागतात, म्हणजे कमान बसताक्षणीच ताणात.

टपाची गंमत वेगळी. पहिल्या पिढीत मागची प्लास्टिकची काच चेनने उघडते, त्यामुळे ती आधी सोडवून टप मिटवता येतो. १९९८ पासून खरी काच आली आणि चेन गेली, त्यामुळे बारच्या मापाला आणखी एक अट चिकटली.

पुढची चूक बहुतेकांनी केली ती बार बसवल्यानंतर: बारला आडवी नळी आहेच, तर चार टोकांचा हार्नेस (शर्यतीतला सीटबेल्ट) लावून टाकू. मांडीमधला पट्टा नसलेला हार्नेस खांद्याने ओढून कमरेचा पट्टा पोटावर चढवतो. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्यापासून ० ते २० अंश उतरते हवेत. फ्लोअरला बांधले तर आघातात तेच कण्यावर दाब आणतात. शिवाय हार्नेसने माणूस ताठ खिळून राहतो, म्हणून त्याच्यासोबत योग्य सीट आणि मानेचं हान्स उपकरण आलंच. मूळ सीट, तीन टोकांचा पट्टा, एअरबॅग आणि बार हा एक संच. बकेट, सहा टोकांचा हार्नेस, हान्स आणि बार हा दुसरा. अर्धा हा नि अर्धा तो केला की दोन्हींचे तोटे वाट्याला येतात.

रस्त्यावर हेल्मेट नसतं, ही बाब कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असते. मागून ठोकर बसली की सीटची पाठ मागे झुकते आणि उघडी कवटी पोलादावर जाते. त्यासाठी कडक, प्रमाणित पॅडिंग लागतं. एसीच्या पाइपावरचा मऊ फोम बोटाने दाबून पाहावा, तो तळाला लागतो. पुढे नळ्या येणारा पूर्ण केज (नळ्यांचा पिंजरा) रोजच्या गाडीत नको, हे मत आता जवळपास सगळ्यांचं आहे, कारण त्यात डोक्याच्या बाजूलाही पोलाद येतं.

भारतात हा प्रश्न आला तो ट्रॅकमार्गे कमी आणि आरटीओमार्गे जास्त. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा इथल्या ट्रॅकवर किंवा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी नेणारा माणूस ती तिथपर्यंत बहुतेक वेळा रस्त्यानेच नेतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सन २००० मध्ये बदललं. त्यानुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि बदल म्हणजे गाडीचं 'मूलभूत वैशिष्ट्य' पालटणारा रचनेतला फेरफार. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबारवर (बंपरपुढे लावलेल्या जाड नळ्यांवर) कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद लागू झाली. आतल्या आत, बोल्टवर बसणारी कमान मूलभूत वैशिष्ट्य बदलते का, हे कलमाच्या शब्दांत स्पष्ट नाही. 'काढता येतो म्हणजे बदल नाही' हा युक्तिवाद गॅरेजमध्ये चालतो. विम्याचा सर्व्हेयर तो ऐकून घेईलच असं नाही.

२०२० च्या महिंद्रा थारमध्ये रोल केज कारखान्यातूनच आला, त्यामुळे त्या गाडीपुरता वाद संपला. जुन्या सॉफ्ट-टॉप थारचे मालक मात्र अजूनही फॅब्रिकेटरकडे जातात, आणि तिथे 'मजबूत' म्हणून पुढे केली जाते ती बहुधा पाण्याची जीआय (जस्त चढवलेली) नळी. तिला सांधा असतो, पोलादाच्या ताकदीची हमी नसते, आणि वेल्डिंगच्या जागचं जस्त आधी घासून काढलं नाही तर सांध्यात छिद्रं राहतात, धुराने वेल्डरला ताप येतो तो वेगळाच. सीडीएस (थंड ओढलेली, सांधा नसलेली) नळी मागावी आणि पैसे देण्यापूर्वी तिचं टेस्ट सर्टिफिकेट बघावं.