‘कोरलमध्ये द्या, कर्व्ह्ज करून’ : व्हेक्टर फायलींच्या देवाणघेवाणीची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये फ्लेक्स, लग्नपत्रिका किंवा रेडियम कटिंगचं काम टाकायला गेलं, की काउंटरवर पहिली चौकशी होते ती फाइल कशात आहे याची. उत्तर काहीही दिलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘कोरलमध्ये द्या, कर्व्ह्ज करून. आणि जुन्या व्हर्जनला सेव्ह करा.’ म्हणजे कोरलड्रॉ या चित्रांच्या प्रोग्रॅमची फाइल हवी, तीही अक्षरं फॉन्टमधून सोडवून नुसते आकार केलेली. पुण्या-मुंबईहून इलस्ट्रेटर हा दुसरा तसाच प्रोग्रॅम शिकून आलेल्या पोरांना हा हट्ट वाटतो. खरं तर गेल्या चाळीस वर्षांत ज्या ज्या ठिकाणी फायली फुटल्या, त्या सगळ्याचं सार या दोन वाक्यांत आहे.

व्हेक्टर चित्र म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठवलेलं चित्र. गंमत अशी की वक्ररेषेचं गणित सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे. मोटारीच्या पत्र्याची वळणं आकड्यांत पकडता यावीत म्हणून सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी साठच्या दशकात ते मांडलं. दोन टोकं, त्यांना ओढायचे दोन दांडे, बास. म्हणून एकरंगी, सपाट लोगो कुठूनही कुठेही नेला तरी सहसा केसभरही हलत नाही. घोळ होतो तो त्या रेषेला जे चिकटवलेलं असतं त्याचा : ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारा भराव), सावली, मेश (जाळीवर मिसळणारे रंग), पॉवरक्लिप (एका आकारात बसवलेलं दुसरं चित्र) आणि अर्थातच फॉन्ट.

या सामानाची ने-आण पहिल्यांदा पोस्टस्क्रिप्टने, म्हणजे प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणाऱ्या भाषेने, केली. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी झेरॉक्स सोडून १९८२ मध्ये अडोबी कंपनी काढली, १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आलं आणि १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमधून ते छापखान्यांत शिरलं. अडोबीचा १९८७ चा इलस्ट्रेटर आपलं चित्र पोस्टस्क्रिप्टमध्येच साठवत असे. ते चित्र दुसऱ्याच्या पानात बसवण्यासाठीचं रूप म्हणजे ईपीएस. पण पोस्टस्क्रिप्टचा रंग होता ऑइलपेंटसारखा अपारदर्शक : नंतर लावलेला थर आधीचा झाकून टाकणार. त्या काळी अर्धपारदर्शक सावली कोणी मागतही नव्हतं. पहिल्या पिढीच्या पोस्टस्क्रिप्टला एका पाथमध्ये (सलग रेषेत) १,५०० बिंदूंच्या वर झेपत नसे. स्कॅन करून ट्रेस मारलेलं, म्हणजे रेषांत बदललेलं, नक्षीकाम पाठवलं की प्रिंटर ‘लिमिटचेक’ म्हणून थांबायचा, मग नक्षीचे तुकडे करत बसा.

कोरलड्रॉ आलं १९८९ च्या जानेवारीत, कॅनडातल्या ओटावाहून, तेही थेट विंडोजवर. इकडे मॅक घेणं कोणाला परवडत होतं? असेंबल केलेला पीसी, त्यावर विंडोज, मराठीसाठी श्रीलिपीचे फॉन्ट आणि कोरल, एवढ्यावर डीटीपीचा धंदा उभा राहिला. त्यातल्या किती कॉप्या रीतसर विकत घेतलेल्या होत्या, तो विषय इथे नको. कोरलची सीडीआर फाइल आतून कशी रचलेली आहे, हे मात्र कंपनीने कधीच उघड केलं नाही. वर नव्या व्हर्जनची फाइल जुन्याला वाचता येत नाही, २००८ च्या एक्स-फोर व्हर्जनपासून तर अख्खा साचाच बदलून झिपचा झाला. म्हणून ‘जुन्या व्हर्जनला सेव्ह करा’. इंकस्केप किंवा लिबरऑफिस या फुकट प्रोग्रॅममध्ये आज सीडीआर उघडते ती काही जणांनी फायली उलगडून उलगडून तिची रचना शोधून काढली म्हणून. लिबरऑफिसमध्ये ही सोय २०१२ ला आली. त्यातही साधे आकार बऱ्यापैकी येतात, इफेक्टची शाश्वती नाही.

मोठी फूट पडली २००० साली. इलस्ट्रेटर ९ मध्ये खरी पारदर्शकता आली आणि त्याच्या एआय फाइलचा पाया पोस्टस्क्रिप्टवरून पीडीएफवर गेला. ही पारदर्शकता पीडीएफच्या १.४ या रूपात बसते, ईपीएसमध्ये बसूच शकत नाही.

निर्यातीच्या द्राक्षपेटीवरचा घड घ्या. प्रत्येक मण्याला मेश, वर पाण्याचा थेंब, थेंबाला पांढरट चमक, खाली मल्टिप्लाय केलेली, म्हणजे मागचा रंग गडद करणारी सावली. हे ईपीएस केलं की सावली जिथे जिथे मण्यावर पडते तिथे तिथे चित्र कापलं जातं. काही तुकडे व्हेक्टर राहतात, काही बिटमॅप (ठिपक्यांचं चित्र) होतात आणि कोरलमध्ये उघडल्यावर एका सावलीच्या ढीगभर पट्ट्या हातात येतात, मधून केसासारख्या पांढऱ्या रेघा. मेशची कथा आणखी वेगळी. इलस्ट्रेटरने तो १९९८ मध्ये आणला, कोरलने पुढच्याच वर्षी. दिसायला सारखे, आतून एकमेकांना अनोळखी. माझं मत विचाराल तर असा घड जिथे काढला तिथेच मूळ मापाला ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपक्यांचा) बिटमॅप करावा, अक्षरं आणि लोगो व्हेक्टर ठेवावेत आणि पीडीएफ द्यावी. यात कमीपणा काही नाही.

एआय फाइलबद्दल एक बारीक गोष्ट. तिच्या पोटात दोन प्रती असतात : एक इलस्ट्रेटरची खासगी, एक पीडीएफची. बाहेरचे प्रोग्रॅम बहुतेक पीडीएफचीच प्रत वाचतात. फाइल हलकी व्हावी म्हणून सेव्ह करताना पीडीएफची टिकमार्क काढली, की समोरच्याला चित्राऐवजी ‘ही फाइल पीडीएफशिवाय सेव्ह केली आहे’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळींनी भरलेलं पान दिसतं.

कर्व्ह्जचा आग्रह मराठीमुळे जास्त पक्का झाला. जुन्या फॉन्टांत ‘क’ एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असे. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ‘शुभविवाह’चा इंग्रजी अक्षरांचा कचरा होई. कर्व्ह्ज केल्यावर तो धोका टळतो, पण दुसरा उभा राहतो. आपली अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर थोडी चढलेली असतात. सगळी निवडून कोरलमध्ये कंबाइन (एकच आकार) केली, की जिथे दोन रेषा एकमेकांवर येतात तिथे पांढरी खिडकी पडते, कारण दोनदा झाकलेला भाग रिकामा धरायचा असा तिथला नियम. रेडियम कटरवर तर ब्लेड त्या चढलेल्या कडाही कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. त्यावर उपाय वेल्ड, म्हणजे चढलेले आकार जोडून एकच बाहेरची कड ठेवणं. अर्थात वेल्ड झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तर नव्याने टाइप करा.

मापाची मर्यादा गणपतीत आणि निवडणुकीत समजते. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स म्हणजे २४० इंच. इलस्ट्रेटरचा कॅनव्हास बरीच वर्षं २२७ इंचांवर संपत होता, २०२० मध्ये तो दसपट झाला. पीडीएफचं पान मुळात जास्तीत जास्त २०० इंचांचं. त्यामुळे एक दशांश मापात काम करून छापताना दहापट करायची पद्धत पडली. अशा वेळी आउटलाइन आकाराबरोबर वाढेल अशी सेटिंग केलेली नसेल, तर अक्षरं मोठी होतात आणि कडा धाग्याएवढी राहते.

एसव्हीजी, म्हणजे वेबसाठीचं व्हेक्टर रूप, २००१ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने प्रमाण म्हणून मान्य केलं. फाइल उघडी, वाचता येण्याजोगी, तरीही एका इंचात एकके किती यावर एकमत नव्हतं : इलस्ट्रेटर ७२ धरायचा, इंकस्केप २०१७ पर्यंत ९०, वेबवर ९६. ७२ ने काढलेली १०० मिलिमीटरची प्लेट ९६ ने वाचली तर ७५ ची होते. डीएक्सएफ हे फाइलरूप त्याहून जुनं, १९८२ चं, ऑटोकॅड या यंत्र-इमारतींच्या आराखड्यांच्या प्रोग्रॅमसोबत आलेलं. त्याच्या आर-१२ या रूपात स्प्लाइन (गणिती वक्ररेषा) नाहीच, त्यामुळे गोलाई बारीक सरळ रेघांत मोडते आणि पत्र्याच्या कडेला हाताला कंगोरे लागतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पॅनेलच्या नेमप्लेट कापायला द्यायच्या असतील तर डीएक्सएफ आर-१२ पेक्षा नव्या रूपात द्या, आणि फायलीबरोबर एका बाजूचं माप मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा.