मागच्या शेडला लाईन नेताना: न्यूट्रल वेगळा, अर्थिंग वेगळं

बंगल्याच्या मागं वेगळी गॅरेजवजा शेड बांधली, तिथं बेंच ग्राइंडर, ड्रिल, छोटा कॉम्प्रेसर, जमलं तर वेल्डिंग मशीन ठेवायचं, म्हणून घरातल्या डीबीतून, म्हणजे मेन स्विच-फ्यूजच्या बोर्डातून, जमिनीखालून केबल न्यायचं ठरतं, चर खणून होतो आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, दोन कोअरचीच (आत दोनच वायरी असलेली) घ्या हो, तिसरी कशाला, न्यूट्रल नि अर्थिंग शेवटी एकच, दोन्ही जमिनीतच जातात. यातलं अर्धं खरं आहे आणि तेच घात करतं.

खरं काय, तर डीपीवर म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. 11 केव्हीची लाईन तिथं उतरते, आणि आपल्याकडं येणारा न्यूट्रल तिथंच अर्थ केलेला असतो. पण आपल्या घरापर्यंत पोलवरून बहुतेक वेळा दोनच वायरी येतात, करंट आणणारा फेज आणि तो परत नेणारा न्यूट्रल. घराचं अर्थिंग म्हणजे आपण अंगणात खणलेला खड्डा, त्यातला पाईप किंवा प्लेट, कोळसा-मीठ, आणि तिथून आलेली पट्टी किंवा हिरवी वायर. म्हणजे हा खड्डा आणि डीपीचा न्यूट्रल यांच्यामधे फक्त माती आहे, तांबं नाही. सगळा फरक या मातीत आहे.

न्यूट्रल रोज कामावर असतो. फेजमधून 8 अँपिअर गेले की न्यूट्रलमधून 8 अँपिअर परत येतात, त्यामुळं तो फेजइतकाच जाड हवा, आणि शेडपर्यंत जाताजाता त्याच्यावर दोन-चार व्होल्ट चढलेले दिसले तरी नवल नाही. हिरवी वायर मात्र सगळं ठीक असताना रिकामी बसलेली असते. ग्राइंडरच्या आत वाइंडिंग जळून फेज बॉडीला लागला, की त्या क्षणापुरतं तिचं काम. म्हणून शेडच्या मेन स्विचनं फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडायचे, आणि हिरव्या वायरला स्विच नाही, फ्यूज नाही, काही म्हणजे काही नाही.

आता गोंधळ होतो तो टेस्ट लॅम्पमुळं. फेज आणि न्यूट्रलमधे बल्ब लावला तर पेटतो, फेज आणि अर्थिंगमधे लावला तरी तसाच पेटतो, टेस्टर दोन्हीवर पेटत नाही, मग माणूस म्हणणारच की एकच आहे. पण 100 वॅटचा बल्ब जेमतेम 0.43 अँपिअर घेतो, त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स गरम असताना 529 ओहम, त्यापुढं खड्ड्याचा 20 ओहम म्हणजे किस झाड की पत्ती. बल्बला मिळणारे व्होल्ट फक्त 8-9 नं कमी होतात, डोळ्याला कळतही नाही. बल्ब पेटला म्हणजे वायर तुटलेली नाही एवढंच कळलं, अर्थिंग चांगलं आहे असं नाही.

त्याच 20 ओहमच्या खड्ड्यावर खरा फॉल्ट टाकून बघा. 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर, आणि डीपीकडच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स धरला तर त्याहूनही कमी. शेडमधे 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, त्याला हे रोजचंच लोड वाटतं, तो ट्रिप होणारच नाही, मशीनची बॉडी जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तशीच उभी राहते, आणि वर अडीच किलोवॅटच्या आसपास वीज मातीत जातेय त्याचं बिल तुम्हीच भरताय. 20 ओहम हा काही फार वाईट आकडा नाही बरं का, कोकणात जांभ्यावर किंवा घाटावर जिथं हातभर मातीखाली काळा कातळ लागतो तिथं उन्हाळ्यात याहून वाईट मिळू शकतो.

इथंच ते जुगाड सुचतं. खड्ड्यानं एमसीबी पडत नाही ना, मग सॉकेटमधेच न्यूट्रलवरून वायरचा एक तुकडा अर्थच्या पिनला मारा, झालं अर्थिंग. आणि खरंच, आता बॉडीला फेज लागला तर शॉर्टसर्किट होऊन एमसीबी धाडकन पडतो, त्यामुळं हे काम केलेला वायरमन छातीठोकपणे दाखवूनही देतो. पण पोलवर दुरुस्तीनंतर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली तर? मशीनमधे काहीच बिघाड नाही, कदाचित बंदही आहे, तरी बॉडीवर सरळ 230. किंवा चरातल्या केबलचा, नाहीतर घरातल्या जॉइंटचा न्यूट्रल सुटला, आणि शेडमधला एक दिवा चालू आहे, तर फेज त्या दिव्यातून न्यूट्रलच्या पट्टीवर आणि तिथून सगळ्या मशीनच्या बॉडीवर येतो. जुन्या घरांत न्यूट्रलवरही चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असायचा, तो उडाला तरी हेच. दिवा पेटत नाही म्हणून लाईट गेली असं समजून माणूस मशीनला हात लावतो.

उलटा प्रकारही चालतो, न्यूट्रलची वायर वाचवायला फक्त फेज न्यायचा आणि शेडपाशी सळई ठोकून तिलाच न्यूट्रल करायचं, शेतावर मोटारीच्या खोलीतल्या दिव्यासाठी बरेच जण करतात. लोड मोठं झालं की त्या सळईभोवतीच्या ओल्या मातीत व्होल्टेज पसरतं, आणि पहिला फटका जनावराला, कारण त्याच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त.

मग या दोघांना वेगळं ठेवून भागतं कसं, तर आरसीसीबीनं, म्हणजे गळती ओळखून लाईन तोडणाऱ्या स्विचनं. तो बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, आणि 30 मिलिअँपिअरचा असेल तर तेवढा फरक पडेपर्यंत तो तोडून मोकळा होतो. त्याला खड्डा फार भारी लागत नाही, अगदी 500 ओहमचा भिकार खड्डा असला तरी 30 मिलिअँपिअरला बॉडीवर 15 व्होल्टच येतात. (याचा अर्थ खड्डा नको असा काढू नका, खड्डाच नसेल तर गळती तुमच्या अंगातूनच मोजली जाईल.) फक्त आरसीसीबीच्या पुढं न्यूट्रल आणि अर्थिंग कुठंही एकत्र नको, नाहीतर परतीचा थोडा करंट हिरव्या वायरनं जातो आणि तो कारण नसताना पडत राहतो, मग निदान होतं की "आरसीसीबी खराब आहे, काढून टाका". खराब तो नसतो, शेडच्या डीबीत दोन्ही वायरी एकाच पट्टीला आवळलेल्या असतात.

तर केबल तीन कोअरचीच, तांब्याची, आर्मर्ड, म्हणजे वरून लोखंडी तारांचं कवच असलेली. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ. साइज अंतर आणि लोड बघून, लायसनवाल्या माणसाकडून. चर 75 सेंटीमीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा, म्हणजे पुढं कोणी झाड लावायला पहार मारली तर आधी वीट लागते. आर्मर ग्लँडमधे, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या पकडीत, नीट पकडून अर्थला जोडायचं, पण त्याच्या भरवशावर हिरवी कोअर गाळायची नाही, ग्लँड गंजला की संपलं. शेडपाशी दुसरा खड्डा केलात तर उत्तमच, तो हिरव्या पट्टीलाच जोडा, दोन खड्डे मिळून रेझिस्टन्स खाली येतो.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी एक बघून घ्या. घरातून शेडची लाईन बंद, शेडचा दोन पोलचा मेन बंद, सगळ्या पिना सॉकेटमधून काढलेल्या, आणि मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मेनच्या पुढची काळी पट्टी आणि हिरवी पट्टी यांच्यात तपासायला सांगा. बीप वाजता कामा नये. वाजला तर एकेक सॉकेट उघडायला लावा, तो वायरचा तुकडा कुठंतरी सापडेलच.