सायकल रेल्वेने न्यायची, तर लगेज की पार्सल?

वर्धा, बडनेरा किंवा अकोल्याच्या स्थानकावर सायकल कोणत्याही नोंदणीने दिली, तरी ती बहुधा गार्डाच्या डब्यातील सामानाच्या कप्प्यातच चढते. त्यामुळे लगेज आणि पार्सल ही एकाच सोयीची दोन नावे आहेत, असा समज आपल्या खेड्यापाड्यांत रुजला आहे. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत, आणि एका स्थानकावर उतरून मोठे शहर सायकलने ओलांडून दुसऱ्या स्थानकावरची गाडी ज्याला पकडायची आहे, त्याचा सारा बेत या फरकावर अवलंबून असतो.

लगेज म्हणजे प्रवाशाचे सोबतचे सामान. त्याची नोंद तुमच्या तिकिटावर होते आणि सायकल तुमच्याच गाडीने, तुमच्या उतरण्याच्या स्थानकापर्यंत जाते. मोफत सामानाच्या सवलतीत सायकल बसत नाही, म्हणून तिचे भाडे वेगळे भरावे लागते. गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सायकल स्थानकावरच्या नोंदणी कार्यालयात आणावी, असा नियम आहे. मी मात्र दोन तास आधी जाण्याचा आग्रह धरीन, कारण कप्प्यातील जागा मर्यादित असते आणि त्यात जागा आहे की नाही, हे वेळेत विचारलेले बरे.

पार्सलला प्रवासाचे तिकीटच लागत नाही. सायकल सोपवायची, बिल्टी म्हणजे माल सोपवल्याची पावती घ्यायची आणि जागा मिळेल त्या गाडीने ती जाते. आज दिलेली सायकल आजच निघेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता मुंबईचे उदाहरण घ्या. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते, तर गुजरातकडे जाणाऱ्या अनेक गाड्या मुंबई सेंट्रलहून सुटतात. या दोहोंमधील अंतर धोबी तलाव, गिरगाव, ऑपेरा हाऊस आणि लॅमिंग्टन रोड या वाटेने सुमारे पाच किलोमीटर आहे, आणि शेतरस्त्यांवर रोज सायकल चालवणाऱ्याला ते मुळीच जड नाही, फक्त गर्दीत धीर हवा. पण हे साधते ते सायकल लगेज म्हणून आली असेल तरच. विदर्भ एक्स्प्रेस दादरलाही थांबते; मात्र टर्मिनसपर्यंत नोंदवलेली सायकल तिथे मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये, उतरायचे स्थानक नोंदणीच्या वेळीच ठरवावे. मुंबई सेंट्रलला पुढच्या तिकिटावर पुन्हा नवी नोंद करावी लागते, म्हणून दोन गाड्यांमध्ये चार-पाच तासांचे अंतर राखणे शहाणपणाचे.

आपल्या भागातील खरी अडचण वेगळीच आहे. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात सायकल चढवणे कठीण, आणि अनेक ठिकाणी पार्सल कार्यालयही नसते. देवळी किंवा सेलूकडच्या माणसाने म्हणूनच सरळ वर्धा गाठावे. हँडल, पेडल आणि चेन गोणपाटाने गुंडाळून, नाव व पोहोचण्याचे स्थानक ठळक लिहिलेला पुठ्ठा सायकलीला घट्ट बांधावा. ही काळजी दोन्ही नोंदण्यांना सारखीच लागू आहे.

पुण्यात शिकणाऱ्या मुलीला घरची सायकल पाठवायची असेल आणि कोणी सोबत जाणार नसेल, तर मात्र पार्सलच योग्य. तिचे नाव घेणारी म्हणून लिहावे, मूळ बिल्टी तिच्यापर्यंत पोहोचवावी आणि सायकल आल्याचे कळताच सोडवून घ्यायला सांगावे, कारण ठरलेल्या मुदतीनंतर ती तिथे पडून राहिली तर वेगळे शुल्क लागते.