हिप्परग्याची शाळा ते दत्तक गावातील शिबिर : मराठवाड्यातील तरुण नेतृत्वाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात गावचे नेतृत्व शाळेतून आणि शिबिरातून घडत आले, याला एक ऐतिहासिक कारण आहे. या प्रदेशात बराच काळ दुसरी वाट उघडीच नव्हती. ब्रिटिश मुलखातील तरुणाला नगरपालिका, लोकल बोर्ड, वृत्तपत्रे आणि जाहीर सभा यांतून सार्वजनिक जीवनाचे पहिले धडे मिळत होते. मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध फर्मानामुळे साधी सभा घेण्यासाठीही सरकारी परवानगी लागत असे. माध्यमिक आणि उच्च शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते, खेड्यांतून शाळाच विरळ होत्या आणि खाजगी शाळा काढणाऱ्याकडे राज्यकर्ते संशयाने पाहत. अशा स्थितीत चार तरुणांनी एकत्र बसून समाजाच्या प्रश्नांवर बोलावे, अशा जागा मोजक्याच उरल्या. वाचनालय, गणेशोत्सवाचा मेळा, व्यायामशाळा आणि राष्ट्रीय शाळा, म्हणजे राष्ट्रीय चळवळीच्या प्रेरणेने निघालेली खाजगी शाळा, या त्या जागा, आणि त्यांतही शाळेचे काम सर्वांत खोलवर गेले.

आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचा उल्लेख त्यामुळे या विषयात टाळता येत नाही. १९२९मध्ये तेथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक आले. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करताना त्यांची प्रकृती ढासळली होती. पुढे ते या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि १९३२मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. आडवळणाच्या खेड्यात, तुटपुंज्या साधनांवर चाललेल्या या शाळेत विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात अंतर फारसे नव्हते. मुलांना नेता करण्याचा कार्यक्रम तेथे कोणी आखला नव्हता, असे मला वाटते. शाळा चालवण्याची जबाबदारीच मुलांवर आणि तरुण शिक्षकांवर पडत गेली आणि त्या जबाबदारीने त्यांना घडवले. १९३५मध्ये स्वामीजी बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला आले आणि तेथील योगेश्वरी शाळेने हीच परंपरा पुढे नेली. १९३७मध्ये परतूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, आणि या दोन्ही घटनांमागे उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी यांचा भरणा मोठा होता. औरंगाबादेत १९१५मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेचे स्थानही याच मालिकेत आहे.

विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या मागे न चालता स्वतः पुढाकार घेतल्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे १९३८ची वंदे मातरम् चळवळ. औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत, अधिकाऱ्यांनी ते बंद करण्याचा आदेश काढला आणि मुलांनी तो मानला नाही. अनेकांची नावे कमी करण्यात आली. वर्ष बुडण्याची, घरच्यांच्या रोषाची आणि पुढे सरकारी नोकरी न मिळण्याची भीती खरी होती. तरीही ही मुले माघारी फिरली नाहीत, आणि नागपूर विद्यापीठाने दारे उघडल्यावर त्यांतील अनेकांनी तेथे शिक्षण पूर्ण केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या वेळी नागपूरला गेलेल्यांपैकी एक होते. औरंगाबादेत या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिलेले गोविंदभाई श्रॉफ मूळचे शिक्षक होते आणि पुढची सहा दशके मराठवाड्याच्या प्रत्येक सार्वजनिक प्रश्नात त्यांचा शब्द वजनाचा राहिला. शाळेतील किंवा वसतिगृहातील एका प्रार्थनेवरून सुरू झालेला वाद एका पिढीला सार्वजनिक जीवनात ओढून नेतो, हे मराठवाड्याने तेव्हा प्रथम पाहिले.

‘कॅम्प’ हा शब्द मराठवाड्याच्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही येतो, तो मात्र सुट्टीतल्या शिबिरासाठी नाही. १९४७-४८मध्ये संस्थानच्या सीमेलगत, भारतीय संघराज्याच्या हद्दीत, उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. शाळा-महाविद्यालये सोडून आलेली मुले तेथे राहत, रझाकारांच्या अत्याचारांमुळे गाव सोडून आलेल्या कुटुंबांची व्यवस्था पाहत, पत्रके पोहोचवत आणि सशस्त्र प्रतिकारातही उतरत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेतून चळवळीसाठी रक्कम मिळवण्याची मोहीम झाली, तीही या कॅम्पांच्या कार्यकर्त्यांनीच पार पाडली. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती शिधा, शस्त्रे, निर्वासितांची यादी आणि गुप्त निरोप एकाच वेळी सोपवले जात होते. यातून तयार झालेली माणसे पुढे आमदार, संपादक, प्राचार्य आणि सहकारी संस्थांचे अध्यक्ष झाली. त्यांपैकी काहींच्या हाती आलेल्या शिक्षणसंस्था नंतर राजकारणाच्या पायऱ्या बनल्या, हेही नमूद केले पाहिजे, कारण त्या संस्थांत शिकणाऱ्या पुढच्या पिढ्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

मुक्तीनंतर शिक्षणाचा विस्तार झपाट्याने झाला. नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय दोन्ही १९५०मधील, तर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ची. यांतील मिलिंदचे काम वेगळे पाडून सांगायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत नागसेनवनात उभ्या केलेल्या या महाविद्यालयाच्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दलित मुले प्रथमच एकत्र राहू लागली. ज्या गावात पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती, त्या गावाचा मुलगा येथे खोलीचा प्रमुख झाला, वादविवाद मंडळात बोलला, वार्षिक अंकात लिहिता झाला. दलित साहित्याच्या आणि आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात मिलिंदचे नाव पुन्हा पुन्हा येते, ते या वसतिगृही जीवनामुळे. शाळा आणि शिबिर यांच्याबरोबर वसतिगृह हे नेतृत्वाचे तिसरे घर आहे, ही गोष्ट मराठवाड्यात नीट समजली ती मिलिंदमुळे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समाजकार्यात उतरवणारी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत आणि सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह. तीन वर्षांतच महाराष्ट्रावर १९७२चा दुष्काळ कोसळला. मराठवाड्याच्या पिढ्या आजही काळ मोजताना ‘बहात्तरच्या आधी’ आणि ‘बहात्तरनंतर’ असे म्हणतात, इतका तो खोल रुजलेला आहे. १९७३मध्ये योजनेच्या विशेष शिबिरांना ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय देण्यात आला, आणि महाविद्यालयीन मुले पुस्तके ठेवून गावोगावी गेली. याच सुमारास बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६७पासून सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीचा आणि राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांचा प्रभावही मराठवाड्यातील तरुणांवर होता. सकाळी श्रम, दुपारी चर्चा, संध्याकाळी गाणी आणि कलापथक हा साचा तेथून आला आणि सगळीकडे पसरला.

महाविद्यालयाने दत्तक घेतलेल्या गावातील शिबिराचा हा दिवस आजही फारसा बदललेला नाही. पहाटे हजेरी, मग प्रभातफेरी. न्याहारी झाली की टिकाव, फावडी आणि घमेली घेऊन गट समतल चर खणायला किंवा नाला साफ करायला निघतात. दुपारचे पिठले-भाकरीचे जेवण मुलेच रांधतात, आणि स्वयंपाकाच्या गटाचा प्रमुख नेमताना कार्यक्रमाधिकाऱ्याची, म्हणजे शिबिर सांभाळणाऱ्या प्राध्यापकाची, खरी परीक्षा असते, कारण भाकरी कमी पडली तर शंभर जणांचा राग त्या एका मुलावर निघणार असतो. दुपारी बौद्धिक होते, संध्याकाळी गावात सर्वेक्षण. एका शिबिरात मी पाहिले आहे की दिवसभर मागे राहणारी एक मुलगी सर्वेक्षणाच्या वेळी मात्र पुढे होती, कारण घरात जाऊन चुलीजवळ बसलेल्या बाईशी बोलणे मुलांना जमत नव्हते. तिने तिसऱ्या दिवशी गावातल्या हातपंपांची यादी केली, कोणता किती दिवसांपासून बंद आहे ते लिहिले आणि समारोपाच्या कार्यक्रमात सरपंचांसमोर ती वाचून दाखवली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, एवढाच योजनेचा हिशेब कागदावर दिसतो. त्या मुलीने यादी वाचली ती पाच मिनिटे त्यात कोठे नोंदवायची, याची सोय नाही.

सत्तरच्या दशकातील विद्यार्थी नेतृत्वाचा इतिहास याहून तापलेला आहे. १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनाची सुरुवात विद्यार्थ्यांनी केली. वसमत येथील गोळीबारानंतर ते सगळ्या जिल्ह्यांत पसरले आणि रेल्वे, सिंचन, नोकऱ्या या मागण्या त्यातून प्रथम संघटितपणे पुढे आल्या. मात्र २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर याच प्रदेशात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि विद्यार्थी दोन बाजूंना विभागले गेले. एकाच महाविद्यालयात, एकाच शिबिरात घडलेली मुले समोरासमोर उभी राहिली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. शिबिरे आणि शाळा समतेचे धडे देतात असे आपण सहज म्हणतो. १९७८ने दाखवले की ते धडे सर्वांपर्यंत पोहोचलेले नव्हते आणि जातीच्या प्रश्नावर गप्प राहून घेतलेले शिबिर त्या प्रश्नापाशीच मोडून पडते. माझ्या मते या परंपरेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती लपवून तिचा गौरव करणे योग्य नाही.

त्याच १९९४मध्ये महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेनुसार नेमणुका होऊ लागल्या. निवडणुकीतील हाणामाऱ्या थांबल्या हे खरे, पण मते मागणे, हरणे, विरोधकांशी बोलणे हे शिकण्याची जागाही गेली. पुढे २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, तरी ती प्रत्यक्षात रुजली नाही. नेतृत्वाचा सगळा भार शिबिरांवर आणि स्वयंसेवी संस्थांवर येऊन पडला, त्याचे मोठे कारण येथे आहे.

या संस्थांपैकी काहींचा जन्म मराठवाड्यातच झाला होता. औरंगाबादच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटातून ‘हॅलो’ ही संस्था निघाली आणि धाराशिव जिल्ह्यातील अणदूर परिसरात गावातीलच स्त्रियांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून उभे करण्यापर्यंत पोहोचली. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२मध्ये ‘मानवलोक’ सुरू केली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मदतीला धावलेल्या हजारो तरुणांपैकी बहुतेक परत गेले. काही कामे मात्र तेथेच राहिली. नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारले, भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले आणि लोहारा तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीचे केंद्र व निवासी शाळा आली. ज्या भागात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती, त्याच भागात सहा दशकांनंतर पुन्हा एक निवासी शाळा गावाच्या उभारणीचे काम करू लागली.

मुलींच्या बाबतीत पैठण तालुक्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेचा अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू झाले. रोज संध्याकाळी तासभर, वर्षभर चालणारे. मुली गावाचा नकाशा काढत, आरोग्य, कायदा, ग्रामपंचायत यांविषयी शिकत. या भागातील लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरापर्यंत गेले. एक वर्ष ही वाढ ऐकायला थोडी वाटते, पण त्या एका वर्षात दहावी पूर्ण होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, परभणी आणि बीड जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. नेतृत्वशिबिराला येण्याच्या वयातच मुलगी सासरी जात असेल, तर शिबिरांच्या यादीत मुलींची नावे कमी का दिसतात हे वेगळे शोधावे लागत नाही.

आता जिल्हा परिषदेच्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते. अनेक शाळांत त्याची निवडणूक मोबाइलवरील मतदानयंत्राने, बोटाला शाई लावून होते, आणि मुले ती विलक्षण गांभीर्याने घेतात. आरोग्यमंत्री नखे तपासतो, जलमंत्री टाकीतील पाणी पाहतो, परिपाठात त्यांचा अहवाल वाचला जातो. बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत हे मंत्रिमंडळ जून-जुलैत निवडले जाते आणि दिवाळीच्या सुमारास, कारखान्यांची धुराडी पेटू लागली की, त्यातील काही मंत्री आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जातात. जेथे ऊसतोडीच्या काळात मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय करणारे हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होते, तेथे ही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात आणि शाळेत येत राहतात. जेथे ते उशिरा सुरू होते, तेथे डिसेंबरमध्ये वर्गशिक्षिका फळ्यावरचे नाव पुसून त्या जागी दुसऱ्या मुलीचे नाव लिहितात.