त्सुकाहारा, मित्सुओ

मित्सुओ त्सुकाहारा (जन्म : २२ डिसेंबर १९४७, टोकियो) हा जपानचा आर्टिस्टिक जिम्नॅस्ट. १९६८ मेक्सिको, १९७२ म्युनिक आणि १९७६ माँट्रियल या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याची ९ पदकं आहेत, ५ सुवर्ण, १ रौप्य, ३ कांस्य. पण पदकांच्या यादीत त्याच्यापुढे त्याचेच सहकारी आहेत, सावाओ कातोची एकट्याची सुवर्णपदकं ८ आहेत, आणि तरीही जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये आज रोज ज्याचं नाव घेतलं जातं तो कातो नाही, त्सुकाहारा आहे, कारण त्याचं नाव एका व्हॉल्टला (पळत येऊन घोडा या साधनावर हात टेकून मारायची उडी) आणि एका डिसमाउंटला (साधनावरून उतरताना करायची करामत) लागलंय. या नोंदीत म्हणूनच माणसापेक्षा त्या दोन करामतींवर जास्त लिहिलंय.

आधी नावाचा उच्चार. आपल्याकडे कॉमेंटरीत 'सुकाहारा', 'ट्सुकाहारा', 'सुखाहारा' असं काहीही ऐकू येतं. मराठी माणसाला खरं तर हा उच्चार सगळ्यात सोपा जायला हवा, 'चूक' या शब्दातला जो दंततालव्य च आहे ('चमचा' म्हणताना येतो तो, चहातला नव्हे) तोच जवळपास जपानी 'त्सु'चा आवाज आहे, फक्त उकार ऱ्हस्व ठेवायचा. हिंदीत हा च नाही म्हणून तिकडे 'स' होतो आणि तोच पुढे आपल्याकडे येतो. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणजे त्सुकाहारा मित्सुओ.

पार्श्वभूमी : १९६० ते १९७६ या काळात ऑलिंपिकमधलं पुरुषांचं सांघिक सुवर्ण सलग ५ वेळा जपानने जिंकलं, आणि मधल्या जागतिक स्पर्धाही, १९६२ पासून १९७८ पर्यंत. समोर दर वेळी सोव्हिएत संघ. या जपानी पिढ्यांची खासियत अशी की जुनी करामत जास्त स्वच्छ करण्यावर ते थांबत नव्हते, नवीन काढत होते. तेव्हा अवघडपणाचे ए, बी, सी असे तीनच दर्जे होते आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास जपानमध्ये 'अल्ट्रा सी' हा शब्द रूढ झाला, म्हणजे सी च्याही पलीकडचं, तो आजही तिथे रोजच्या बोलण्यात 'भन्नाट युक्ती' अशा अर्थाने वापरतात. त्या वर्षी व्हॉल्टचं सुवर्ण हारुहिरो यामाशिताने घेतलं, हँडस्प्रिंग (हातांवरून पुढे उलटणं) करून हवेत कमरेत वाकायचं आणि परत ताठ व्हायचं या त्याच्या पद्धतीला 'यामाशिता' म्हणतात, आणि टोकियोत तर त्याने वर एक पूर्ण गिरकी (शरीराच्या उभ्या अक्षाभोवती फिरणं) जोडली होती. त्सुकाहारा या परंपरेत पुढचा. मेक्सिकोत तो २० वर्षांचा होता, संघात कातो, नाकायामा, एंदो, केनमोत्सु अशी मोठी माणसं, आणि जपानने ५७५.९० विरुद्ध ५७१.१० असा सोव्हिएत संघाला हरवलं. ते त्याचं पहिलं सुवर्ण.

त्सुकाहारा व्हॉल्ट : हा पहिल्यांदा कधी झाला याबद्दल दोन वर्षं सांगितली जातात. काही लिखाणात १९७२ चं म्युनिक येतं, काहींत १९७० ची ल्युब्लियाना इथली जागतिक स्पर्धा. १९७० हेच जास्त पटणारं आहे, कारण त्या स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण त्सुकाहारालाच मिळालं होतं. १९७२ हे बहुधा ऑलिंपिकमुळे लोकांच्या लक्षात राहिलेलं वर्ष असावं, टीव्हीवर जगाने तेव्हा पाहिलं म्हणून.

आता करामत नेमकी काय ते बघू. व्हॉल्टचे दोन टप्पे असतात, स्प्रिंगबोर्डवरून घोड्यावर हात टेकेपर्यंतचं पहिलं उड्डाण आणि हात सुटल्यापासून मॅटवर पाय येईपर्यंतचं दुसरं. त्सुकाहाराआधीच्या बहुतेक व्हॉल्टमध्ये शरीर समोरच्या दिशेने हातांवरून उलटून जायचं आणि दुसऱ्या उड्डाणात फारतर वाकणं किंवा गिरकी. त्सुकाहाराने पहिल्या उड्डाणातच शरीर वळवलं, पाव ते अर्धा वळसा, म्हणजे आपण फ्लोअरवर कार्टव्हील (हातांवरून कडेला चाकासारखं उलटणं) किंवा राउंडऑफ (तसंच, पण शेवटी वळून दोन्ही पायांवर उतरणं) करतो तसं घोड्यावर केलं, त्यामुळे हात सुटताना त्याची पाठ पळण्याच्या दिशेला आली आणि तिथून मागची कोलांटी घेऊन तो घोड्याकडे तोंड करून उतरला. दुसऱ्या उड्डाणात पूर्ण कोलांटी ही कल्पनाच इथून रुजली असं जिम्नॅस्टिक्सच्या इतिहासकारांपैकी बहुतेकांचं मत आहे.

राउंडऑफनंतर मागची कोलांटी ही जोडी फ्लोअरवर तेव्हाही जुनीच होती, लहान मुलं शिकायची. नवीन होतं ते तिला उचलून घोड्यावर नेणं. आणि घोडा म्हणजे आजचं रुंद टेबल नव्हे, ते २००१ मध्ये आलं. तेव्हाचा घोडा पुरुषांसाठी लांबीत ठेवलेला असायचा, अरुंद पाठीचा, त्याच्या पलीकडच्या टोकाशी पूर्ण वेगात पोचून शरीर आडवं वळवून हात टेकायचे, हात जरा तिरके पडले की पुढचं सगळं गेलं. खांदे सैल पडले तर घोड्यावरून उसळी मिळत नाही, उसळी नाही तर उंची नाही, आणि उंची नसेल तर दीड कोलांटीचं (हातांवरून पायांवर येईपर्यंतचं) फिरणं अर्ध्यात राहतं आणि माणूस गुडघ्यांवर किंवा हातांवर येतो. मागच्या कोलांटीचा एक फायदा मात्र मोठा, उतरताना जमीन नजरेला आधी सापडते, पुढच्या कोलांटीत ती शेवटपर्यंत दिसत नाही. हा प्रकार इतक्या झपाट्याने पसरला त्यामागे हे एक कारण असणार.

कासामात्सु आणि त्सुकाहारा : पंच आणि कोच यांच्यात सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. शिगेरु कासामात्सु हा त्याच संघातला, १९७४ च्या वार्ना जागतिक स्पर्धेचा ऑलराउंड (सगळ्या साधनांचे गुण मिळून) विजेता, व्हॉल्टचं सुवर्णही त्याचंच. त्याच्या व्हॉल्टमध्येही हात पाव वळशावर टेकतात, पण पुढे वळसा त्याच बाजूला वाढवत मागची कोलांटी घेण्याऐवजी उरलेलं वळण हवेत घेतलं जातं, आणि शेवटी माणूस घोड्याकडेच तोंड करून उतरतो. आता पूर्ण गिरकी घेतलेला त्सुकाहाराही तसाच उतरतो. मग फरक काय? एक मत असं की हे दोन वेगळे व्हॉल्ट आहेत कारण गिरकीची बाजू आणि सुरुवात वेगळी आहे. दुसरं मत असं की उघड्या डोळ्यांना सेकंदापेक्षा कमी वेळात तो फरक पकडता येत नाही त्यामुळे गुणांसाठी दोन्ही एकच धरावेत. नियमावली दुसऱ्या बाजूला झुकलेली आहे, पुरुषांच्या नियमांत कासामात्सु म्हणजे पूर्ण गिरकीचा त्सुकाहारा असंच गणित चालतं, म्हणूनच जपानी जिम्नॅस्ट हिदेनोबु योनेकुराच्या व्हॉल्टला कोणी अडीच गिरक्यांचा कासामात्सु म्हणतं आणि कोणी साडेतीन गिरक्यांचा त्सुकाहारा, दोन्ही बरोबर. पंचाच्या खुर्चीसाठी हे सोयीचं आहे. पण शिकवणाऱ्यासाठी पहिलं मत जास्त उपयोगाचं, कारण ज्या मुलाचा राउंडऑफ डावीकडे आणि गिरकी उजवीकडे आहे त्याला कासामात्सु सहज जातो आणि ज्याचं दोन्ही एकाच बाजूला त्याला त्सुकाहारा, आणि हे न बघता शिकवलं तर वर्ष वाया जाऊ शकतं.

बायकांमध्येही हा व्हॉल्ट लगेच गेला. १९७६ मध्ये माँट्रियलला सोव्हिएत संघाच्या नेली किमने पूर्ण गिरकीचा त्सुकाहारा करून १० पैकी १० घेतले. पुढे १९८० च्या दशकात नताल्या युर्चेन्कोच्या नावाचा व्हॉल्ट आला, त्यात राउंडऑफ बोर्डच्या आधीच होतो आणि घोड्यावर पाठीकडून जातात, तो सोपा पडतो आणि जोरही जास्त देतो म्हणून बायकांमध्ये त्सुकाहारा मागे पडला, पुरुषांमध्ये अजून भरपूर दिसतो.

मूनसॉल्ट : हा दुसरा 'त्सुकाहारा', हॉरिझॉन्टल बारवरून उतरण्याचा. जपानी नाव 'गेत्सुमेन चुगाएरी', शब्दशः 'चंद्रपृष्ठावरची कोलांटी'. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने बार सोडल्यावर मागच्या दोन कोलांट्या आणि त्यातच एक पूर्ण गिरकी घेतली. कल्पना त्याने ट्रॅम्पोलिनवरून उचलली होती, तिथे हा प्रकार 'हाफ इन हाफ आउट' म्हणून ओळखीचा होता, पहिल्या कोलांटीत अर्धी गिरकी आणि दुसरीत अर्धी. म्हणजे मधल्या क्षणी शरीर समोरच्या कोलांटीत असतं आणि शेवटी परत फिरतं. बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस हवेत नुसता तरंगत उलटसुलट होतोय, वजनच नाही. चंद्राचं नाव त्यावरूनच आलं असं बहुतेक जण सांगतात, माणूस चंद्रावर उतरून (जुलै १९६९) तीनच वर्षं झाली होती आणि त्या हळू तरंगत्या उड्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

ट्रॅम्पोलिनवर जी गोष्ट जाळीवर उतरते ती इथे बारच्या उंचीवरून मॅटवर पाय रोवून थांबवायची असते, हे लक्षात घेतलं तर 'दुसऱ्या खेळातून उचललं' या वाक्याने त्याचं काम कमी होत नाही. हॉरिझॉन्टल बारच्या फायनलमध्ये त्याचे १९.७२५ गुण (तेव्हा एकूण २० पैकी असायचे), दुसरा कातो, तिसरा कासामात्सु, तिन्ही जपानी. त्याच ऑलिंपिकमध्ये संघाचं सुवर्ण आणि रिंग्जचं कांस्य.

नंतरच्या लोकांनी पूर्ण गिरकी पहिल्या किंवा दुसऱ्या कोलांटीत एकदम घ्यायला सुरुवात केली आणि आज ते सगळं सरसकट 'त्सुकाहारा' म्हणूनच चालतं, बारवर काय आणि रिंग्जवरून उतरताना काय. यामुळे नुसतं 'त्सुकाहारा' म्हटलं की व्हॉल्ट की दोन कोलांट्यांचा डिसमाउंट हे संदर्भाने ठरवावं लागतं, जुन्या बातम्या वाचताना हे सांभाळावं.

डब्ल्यूडब्ल्यूई बघणाऱ्यांना मूनसॉल्ट शब्द वेगळ्याच गोष्टीसाठी माहीत असतो, रिंगच्या वरच्या दोरावरून मागे कोलांटी घेत प्रतिस्पर्ध्यावर पडणं. तो शब्द या डिसमाउंटवरूनच गेलेला आहे, जपानी प्रो रेसलिंगमार्गे, आणि केइजी मुतो या जपानी रेसलरने तो गाजवला. मूळ करामतीतली गिरकी आणि दुसरी कोलांटी तिथे नाही, फक्त नाव आणि मागे उलटणं राहिलंय.

माँट्रियल, १९७६ : त्याची सगळ्यात भरलेली स्पर्धा, ५ पदकं. सांघिक लढतीत कंपल्सरीनंतर (सगळ्यांना सारख्याच ठरवून दिलेल्या करामतींची फेरी) सोव्हिएत संघ पुढे होता. मग शुन फुजिमोतोला फ्लोअरवर गुडघ्याची वाटी मोडली, त्याने ते लपवून पॉमेल हॉर्सवर ९.५ आणि रिंग्जवर ९.७ घेतले, रिंग्जवरून त्याच पायावर उतरला, आणि त्यानंतर मात्र तो खेळू शकला नाही. गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. तेव्हा ६ जण खेळायचे आणि चांगले ५ गुण धरायचे, म्हणजे एकाची चूक पोटात घालता यायची, आता ती सोय संपली होती आणि व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार ही तीन साधनं उरलेल्या पाच जणांना (कातो, केनमोत्सु, काजियामा, इगाराशी आणि त्सुकाहारा) एकही पडझड न करता काढायची होती. त्यांनी ती काढली. ५७६.८५ विरुद्ध ५७६.४५, फरक फक्त ०.४०. एका फुजिमोतोच्या गुडघ्यावर हा विजय उभा करणं त्या पाच जणांवर थोडं अन्यायाचं आहे असं वाटतं.

वैयक्तिकमध्ये हॉरिझॉन्टल बारचं सुवर्ण त्याने राखलं (१९.६७५), व्हॉल्टला सोव्हिएत निकोलाय आंद्रियानोवमागे रौप्य, ऑलराउंडला आंद्रियानोव आणि कातोमागे कांस्य, पॅरलल बारलाही कांस्य. स्वतःच्या नावाच्या व्हॉल्टचा माणूस ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण मात्र कधी जिंकला नाही.

नंतर : तो कोचिंगमध्ये गेला, टोकियोतल्या आसाही सेइमेइ क्लबशी त्याचं नाव जोडलेलं आहे. बायको चिएको (माहेरची ओदा) हीसुद्धा १९६८ ची ऑलिंपिक जिम्नॅस्ट आणि कोच. मुलगा नाओया जन्म १९७७. या क्लबमध्ये १९९० च्या दशकात नाओयाला शिकवायला कोण आलं तर तोच आंद्रियानोव, ज्याच्यामागे बाप माँट्रियलला दुसरा आणि तिसरा आला होता. २००४ मध्ये अथेन्सला जपानने पुरुषांचं सांघिक सुवर्ण घेतलं, १९७६ नंतर पहिल्यांदा, २८ वर्षांनी, आणि त्या संघात नाओया होता. त्याच सुमारास नागासाकी भागातून एक १५ वर्षांचा मुलगा नाओयाबरोबर सराव करायला मिळावा म्हणून घर सोडून टोकियोला आला, तो कोहेइ उचिमुरा, पुढे २०१२ आणि २०१६ चा ऑलिंपिक ऑलराउंड विजेता.

भारतात : त्सुकाहारा हे नाव आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू आलं ते ऑगस्ट २०१६ मध्ये, रिओला. त्रिपुराच्या दीपा कर्माकरचा प्रोदुनोवा (हातांवरून उलटून पुढच्या दोन कोलांट्या घेण्याचा व्हॉल्ट) सगळ्यांच्या तोंडी होता, पण व्हॉल्टच्या फायनलमध्ये दोन वेगळ्या गटांतले व्हॉल्ट करावे लागतात आणि तिचा पहिला होता दोन गिरक्यांचा त्सुकाहारा, त्याला १४.८६६. प्रोदुनोवाला १५.२६६, सरासरी १५.०६६, चौथा नंबर, कांस्यपदकापासून ०.१५० दूर.